वाफयंत्राची खोळ

ऊर्जा निर्माण करता येत नाही आणि नष्टही करता येत नाही. ती फक्त झाकून ठेवता येते. या नियमाचा शेवटचा भाग १९८४ साली मुलुंडमधल्या एका सोसायटीच्या गच्चीवर सिद्ध झाला. (पहिले दोन भाग परदेशात आधीच उरकले होते.)

त्या गच्चीवर मालनताई आणि त्यांची मैत्रीण सुगंधा इडल्यांचा उद्योग चालवीत. दुपारी बाराच्या ठोक्याला जवळच्या कारखान्यात दोनशे इडल्या पोचवायच्या, आणि त्यापायी दर दोन दिवसांनी रॉकेलच्या रांगेत तीन तास तिष्ठायचं. मालनताईंचे गुडघे त्या रांगेतच म्हातारे झाले होते. म्हणून एका सरकारी कचेरीने सूर्यावर चालणारं वाफयंत्र तीन महिन्यांच्या बोलीवर दिलं, तेव्हा त्यांनी आधी यंत्राला नारळ फोडला आणि मग त्याची माहिती विचारली.

यंत्र साधं होतं. पन्हळीसारखा वाकवलेला लांब आरसा, त्याच्यासमोर काचेत बसवलेली काळी नळी. आरसा ऊन गोळा करून नळीवर टाकतो, नळीतलं पाणी उकळतं, वाफ इडलीच्या डब्यात जाते. शंभर भाग उन्हातले जितके भाग वाफेत उतरतील, तितकी त्याची कार्यक्षमता. पहिल्या आठवड्यात ती एकतीस भरली. तीन महिन्यांत ती वाढली नाही, तर यंत्र परत जाणार होतं.

कार्यक्षमता वाढवायची म्हणजे समिती हवीच. सोसायटीचे सेक्रेटरी अण्णा अध्यक्ष झाले, आणि सात जणांनी पंधरा दिवस पाहणी करून उन्हाची गळती शोधून काढली: आरशावरच्या धुळीमुळे बारा भाग, कावळ्यांमुळे तीन, आणि पाहणीसाठी आरशासमोर उभ्या राहणाऱ्या सात सदस्यांच्या सावलीमुळे नऊ. (शेवटचा आकडा अहवालातून वगळण्यात आला, कारण तो सदस्यांच्या गैरहजेरीत मोजला होता.)

धुळीवरचा उपाय अण्णांना घरीच सापडला. त्यांच्याकडे मिक्सरला खोळ होती, टेलिफोनला खोळ होती, टीव्हीला तर झालरीची खोळ होती. चार वर्षांत टीव्ही जराही जुना दिसत नव्हता, कारण तो दिसतच नव्हता. आठवड्याभरात वाफयंत्रालाही निळ्या साटीनची खोळ शिवून आली. कोपऱ्यात सूर्यफूल भरलेलं होतं.

मालनताई बघतच राहिल्या. "अण्णा, खोळ काढल्याशिवाय ऊन आत जाणार कसं?"

"मालनबाई, एका वेळी एकच प्रश्न घ्यायचा. आधी धूळ थांबवू, मग उन्हाचं बघू. समितीच्या ठरावाशिवाय खोळीला कुणी हात लावायचा नाही. लावला तर यंत्राला कुलूप."

अण्णा जिना उतरल्यावर सुगंधा म्हणाली, "आता सूर्याक पण खोळ घालतले काय गे?"

"हळू बोल गं. ऐकलं तर शिडी मागतील."

दोन दिवस मालनताई पुन्हा रॉकेलच्या रांगेत उभ्या राहिल्या. तिसऱ्या दिवशी साडेआठलाच त्यांनी गच्चीवर येऊन खोळीच्या नाड्या सोडल्या. जुन्या सुती साडीने आरसा लख्ख पुसला. डब्याकडे वाफ नेणाऱ्या नळीला हात लावला तर चटका बसला. एवढी ऊब वाऱ्यावर जाते हे पाहून त्यांनी घरची गोधडी आणून नळीला गुंडाळली. दर पाव तासाने त्या आरसा सूर्याकडे वळवीत राहिल्या. सव्वाअकराला इडल्या तयार झाल्या, आणि खोळ पुन्हा चढली. साडेअकराला अण्णा वही घेऊन आले. खोळ जागच्या जागी होती आणि वाफेचा काटा कधी नव्हता इतका वर होता. तेव्हापासून हे रोजचंच झालं.

तीन महिने भरले. कचेरीतून चंद्रप्रकाश नावाचे तरुण इंजिनियर तपासणीला आले. अण्णांनी वही पुढे केली. 'आरशावर पडलेलं ऊन: शून्य. मिळालेली वाफ: भरपूर.' शून्याने भागता येत नाही हे अण्णांना शाळेपासून पाठ होतं, म्हणून कार्यक्षमतेच्या रकान्यात त्यांनी 'उत्तम' असं लिहिलं होतं.

चंद्रप्रकाशांनी वही पाहिली, खोळ पाहिली, मग नळीपाशी थांबून विचारलं, "ही गोधडी कुणी गुंडाळली?"

"अडगळ आहे साहेब, आत्ता काढतो," अण्णा म्हणाले.

मालनताई पुढे झाल्या. खरं सांगावं तर यंत्राला कुलूप, न सांगावं तर गोधडी जाणार.

"राहू दे ना अण्णा," त्या म्हणाल्या. "खोळीला सोबत होते तिची. बाकी सगळा गुण खोळीचाच."

इंजिनियरसाहेबांनी मालनताईंच्या बोटांवरच्या चटक्यांकडे एकदा पाहिलं आणि सही केली. यंत्र गच्चीवर कायमचं राहिलं. कचेरीने इतर चाळीस यंत्रांना निळ्या साटीनच्या खोळी पाठवल्या. तिथे वाफ झाली नाही, तेव्हा साटीन हलक्या प्रतीचं निघालं असा निष्कर्ष काढण्यात आला.

अण्णांना हसू नये. आपल्या घरात सगळं कसं आपोआप, वेळच्या वेळी होतं, असं आपणही चारचौघांत सांगतोच. साडेअकराच्या आधी आपण कधी गच्चीवर गेलो होतो, तेवढं फक्त आठवून पाहावं.