वाफेवर बसलेले दिगूकाका

कुणाच्याही घरात कुकरची शिट्टी झाली की दिगूकाका बोलता बोलता थांबतात. हाताचा पंजा वर करतात, डोळे मिटतात आणि शिट्टी विरेपर्यंत ऐकत राहतात. मग 'बेस' किंवा 'रिंग गेलीय यांची' असा निकाल देतात आणि तुटलेलं वाक्य होतं तिथून उचलतात. सोसायटीतल्या एका शोकसभेत ते गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द बोलायला उभे राहिले. "ते अत्यंत," एवढं म्हणाले आणि थांबले, कारण समोरच्या इमारतीत कुणीतरी डाळ लावली होती. पंजा वर गेला. आम्ही माना खाली घालून बसलो होतो. आम्हाला वाटलं, गहिवरून आलं असेल. "रिंग गेलीय," काका म्हणाले, आणि मग, "सज्जन होते."

रिंग म्हणजे कुकरच्या झाकणाची रबरी रिंग. ती जीर्ण झाली की वाफ कडेनं निसटते आणि भात कच्चा राहतो. भिंतीपलीकडची रिंग ज्यांना नुसती ऐकून कळते, असे हे काका. ही गोष्ट मी लक्षात ठेवायला हवी होती. ठेवली नाही.

दिगूकाका बडोद्याच्या सुभानपुऱ्यातल्या आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर, आमच्या समोरच्या दारात राहतात. वय सत्तरीच्या पुढे. नागरवाड्यात त्यांचं गिझरचं दुकान होतं. विकायचे, दुरुस्त करायचे. बडोद्यातली निम्मी मराठी घरं त्यांच्या हातच्या गरम पाण्यानं आंघोळ करून मोठी झाली, असं ते सांगतात. पाण्याबद्दल ते नेहमी एखाद्या नातेवाइकासारखं बोलतात. "लोकांना वाटतं पाणी गरीब आहे. जरा कोंडून बघ मोहन, मग कळतं." आणि कुठल्याही अडचणीवर त्यांचं एकच उत्तर, बाजारात आयुष्य गेल्यामुळे गुजरातीतलं: "थई जशे." होऊन जाईल. डोळ्यांचं ऑपरेशन असो की पावसात गळणारं छत, थई जशे.

या माणसानं गच्चीवरच्या खोलीत रॉकेट बांधलं. माणूस बसेल असं, वाफेवर उडणारं. मोठ्या गिझरच्या दोन टाक्या एकाला एक जोडलेल्या, खाली गॅसच्या शेगड्या, पुढे एक काटा, मागे एक झडप. पाणी तापतं, वाफ कोंडते, काटा लाल खुणेवर आला की दांडी ओढून झडप उघडायची. वाफ मागे जाते, रॉकेट वर. "कुकरचंच तत्त्व," काका म्हणायचे. फक्त कुकरवर कुणी बसत नाही. इथे जुन्या स्कूटरची सीट बसवलेली होती.

अंतराळात वगैरे जायचं नव्हतं त्यांना. "पतंग जातो तिथपर्यंत जायचं," ते सांगायचे, "जरा इकडेतिकडे बघायचं आणि यायचं." यायला हवाई छत्री होती, वर थबकलं की आपोआप उघडणारी. ती सुमनकाकूंच्या नायलॉनच्या साड्या जोडून त्यांनी स्वतः शिवली होती. संध्याकाळी गच्चीवर गेलं की काका सीटवर बसलेले दिसायचे, हातात चहाचा कप, डोक्यावर हेल्मेट, मावळतीकडे तोंड. ते हेल्मेट माझं होतं. मीच दिलं होतं.

इथे मला माझ्याबद्दल सांगायला हवं. मी खोटं बोलणारा माणूस नाही, पण भिडस्त आहे, आणि भिडस्त माणूस नाइलाजानं रोज खोटं बोलतो. माझी बायको मृणाल म्हणायची, तुम्ही त्यांना सरळ सांगा, काका बसू नका, मराल. मी तेच सांगायला वर जायचो आणि झडपेचं कौतुक करून खाली यायचो. इतरांचंही तेच. सोसायटीचे सेक्रेटरी जयंतीभाई सुरुवातीला तावातावानं वर गेले होते. "काका, आ सोसायटी छे, श्रीहरिकोटा नथी." काकांनी त्यांचं ऐकून घेतलं आणि त्यांचा गिझर दुरुस्त करून दिला. त्यानंतर जयंतीभाई इतके विरघळले, की सावली गावाजवळचं आपल्या मेहुण्याचं मोकळं शेत त्यांनी उड्डाणासाठी मिळवून दिलं. सगळे 'वा काका' म्हणत होते. नको असं कुणीच म्हणत नव्हतं.

नको म्हणणारं माणूस त्या घरात पूर्वी होतं. बडोद्यात उत्तरायणाला, म्हणजे आपल्या संक्रांतीला, कुणी गच्चीवर दिसलं नाही, तर शेजारी तब्येत विचारायला येतात. काका पतंग उडवायचे आणि मागे सुमनकाकू फिरकी धरून उभ्या राहायच्या. आभाळ पतंगांनी भरलेलं असायचं, पण काकूंचं लक्ष तिकडे नसे. त्या दोऱ्याकडे बघायच्या. काका ढील मागायचे, त्या द्यायच्या. मात्र एका ठिकाणी त्यांचा अंगठा फिरकीवर घट्ट बसायचा. "पुरे," त्या म्हणायच्या.

"अगं, दोरा उरलाय अजून."

"उरू दे."

त्यामुळे काकांचा पतंग सगळ्यांपेक्षा खाली असायचा, आणि ऊन उतरताना बाकीच्यांचे कापले गेलेले असले तरी त्यांचा एकटा वर डुलत असायचा.

काकू गेल्या. पुढच्या उत्तरायणाला काकांनी फिरकी विटांच्या खाचेत अडकवली आणि एकट्यानं पतंग चढवला. तो गेला, जात राहिला. फिरकी गरगरत होती. शेवटाला गाठ मारलेली नव्हती. सगळा दोरा सुटला, आणि पतंग शेपटासारखा तो दोरा घेऊन माही नदीच्या दिशेनं निघून गेला. काका रिकामी फिरकी हातात घेऊन बराच वेळ तिकडे बघत होते. महिन्याभरात टाक्या आल्या.

पहिलं उड्डाण दिवाळीनंतर ठरलं. आदल्या दुपारी मी एक काम केलं. काका दुपारी जेवून झोपतात. त्या वेळी घरात ढोल वाजला तरी उठत नाहीत. खोलीची किल्ली दाराशेजारच्या खिळ्यावर असते. टाकीच्या तोंडावर एक मोठी रबरी रिंग होती. यंत्रातलं मला काही कळत नाही, पण कच्चा भात मी खाल्लेला आहे. नवी रिंग काढून मी तिथे कोपऱ्यातल्या डब्यातली जुनी, चिरा गेलेली रिंग बसवली. पान्हा निसटून अंगठा सोलवटला. खाली येऊन हात धुतले आणि दिवसभर कुणाच्या नजरेला नजर देऊ शकलो नाही.

दुसऱ्या दिवशी सावलीच्या शेतात शेगड्या पेटल्या. लोक लांब लिंबाच्या झाडांमागे थांबले होते. शेगड्या बंद करायचं काम माझं, म्हणून मी जरा जवळ. काटा चढला, निम्म्यावर आला, आणि तोंडाच्या कडेनं फुसफुस वाफ सुटायला लागली. काकांनी पंजा वर केला. डोळे मिटले. ऐकलं. मग दांडी ओढली. रॉकेट लोखंडी घसरगुंडीवरून म्हशीच्या चालीनं थोडं सरकलं आणि थांबलं. आजूबाजूला पांढरं धुकं पसरलं. थंडीतली सकाळ, वाफेवर कोवळं ऊन, आणि मधोमध हेल्मेट घातलेले काका, देवघरातल्या मूर्तीसारखे. उतरताना ते मला एवढंच म्हणाले, "थई जशे." माझ्या अंगठ्यावरच्या पट्टीकडे त्यांची नजर गेली असं मला वाटलं, पण चोराला काहीही वाटतं.

तुळशीचं लग्न झाल्यावर दुसरा प्रयत्न झाला. पुन्हा दुपार, पुन्हा रिंग. या वेळी पान्हा शोधावा लागला नाही. टाकीवरच ठेवलेला होता, आणि त्याच्या मुठीला कापड गुंडाळलेलं होतं. मला बरं वाटलं, हाताला लागणार नव्हतं. त्याहून जास्त विचार मी केला नाही. पुन्हा फुसफुस, पुन्हा धुकं, पुन्हा थई जशे.

तिसरं उड्डाण वासी उत्तरायणाला ठरलं, म्हणजे उत्तरायणाच्या दुसऱ्या दिवशी. उत्तरायणाच्या दुपारी सगळं बडोदं गच्चीवर आणि काका खाली झोपलेले. मी खोलीत शिरलो. पान्हा जागेवर होता. त्याच्या शेजारी वाटीत तिळगूळ ठेवला होता, वर बशी झाकलेली. बाहेर 'काप्यो छे', कापला, असा पतंगवाल्यांचा कल्लोळ चालला होता. मी त्या वाटीकडे बघत उभा राहिलो. हा माणूस झोपेत आहे, त्याच्या घरचा तिळगूळ इथे ठेवलेला आहे, आणि मी त्याचं इतक्या दिवसांचं स्वप्न पान्ह्यानं सैल करतोय. मला स्वतःची लाज वाटली. मी रिंगला हात लावला नाही. तिळगुळालाही नाही. दार लावून खाली आलो आणि ठरवलं, उद्या सकाळी त्यांना तोंडावर सांगायचं.

सकाळी सांगितलं नाही. जयंतीभाईंनी सगळ्यांसाठी उंधियू आणि जिलेबी आणली होती, टेम्पोला झेंडूची माळ होती. त्या गर्दीत कसं सांगणार? रस्ताभर शब्द जुळवत राहिलो आणि शेत आलं.

शेगड्या पेटल्या. लोक झाडांमागे गेले. काका सीटवर बसले, माझ्याकडे बघून हसले. शेजारच्या गावातले पतंग आभाळात होते, लहान, न हलणारे. काटा निम्म्यावर आला. फुसफुस झाली नाही. काटा पुढे गेला. काकांनी पंजा वर केला, डोळे मिटले, आणि ऐकायला काहीच नव्हतं. टाकीतून फक्त एक बारीक गुणगुण येत होती, लांबच्या तानपुऱ्यासारखी.

त्यांनी डोळे उघडले. मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी भीती पाहिली नव्हती. ती अशी असते तर. लहान मुलाची असते तशी.

"मोहन," ते हळूच म्हणाले, "रिंग काढली नाहीस?"

"नाही काका."

"पान्हा ठेवला होता की."

काटा लाल खुणेजवळ आला होता. लांबून जयंतीभाई हात हलवत होते, कुणी मोबाईल धरून उभं होतं. काका त्यांच्याकडे बघत होते, मग दांडीकडे. मला कळलं की हा माणूस आता ती ओढेल. इतके लोक आलेत, जिलेबी आणलीय, एवढ्याचसाठी ओढेल. माझ्याइतकेच भिडस्त होते ते.

मी शेगड्या बंद केल्या, जवळ गेलो आणि त्यांचं मनगट धरलं. "उतरा," मी म्हणालो. "काका, नका जाऊ."

"असं तोंडानं सांगायचं ना रे," ते म्हणाले. "दोनदा रिंग बदलतोस." आणि पाय टाकून उतरले.

दांडीला लांब दोरी बांधून आम्ही झाडांमागे आलो. काकांनी दोरी ओढली. एवढं मोठं काही होईल असं मला वाटलं नव्हतं. जमीन हादरली, ढग जमिनीवर फुटला, आणि त्यातून ते रिकामं रॉकेट सुटून वर गेलं, पतंगांच्याही वर. तिथे क्षणभर थबकलं. मग छत्री उघडली. मोरपंखी, गुलाबी, अबोली, सुमनकाकूंच्या सगळ्या साड्या एकदम आभाळात फुलल्या आणि सावकाश, वाऱ्यावर तिरक्या होत, शेजारच्या एरंडीच्या शेतात उतरल्या.

"हिला उंचीची भीती वाटायची," काका म्हणाले. "जत्रेतल्या पाळण्यात कधी बसली नाही."

जयंतीभाई धावत आले. काका, तुम्ही बसला का नाहीत, असं ते हिरमुसून विचारत होते. काकांनी हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं. "मोहननं नको म्हटलं," ते म्हणाले. मग जिलेबी खाताना जयंतीभाईंच्या मेहुण्याला तेच सांगितलं, परतताना टेम्पोवाल्याला सांगितलं, जिन्यात मृणालला सांगितलं, आणि सांगताना चेहरा असा, जसं काही मोठं बक्षीस मिळालंय.

ऊन उतरायला लागल्यावर त्यांनी मला वर बोलावलं. गच्चीवर तिळगुळाची वाटी होती, एक पांढरा पतंग होता. त्यांनी फिरकी माझ्या हातात दिली आणि पाठ करून उभे राहिले. वारा चांगला होता. पतंग बघता बघता चढला, गच्च्यांवरच्या पाण्याच्या टाक्यांवरून, निलगिरीच्या शेंड्यांवरून, तांबूस होत चाललेल्या आभाळात. मला वर बघायचं होतं, पण मी दोऱ्याकडे बघत राहिलो. मग अंगठा दाबला.

"पुरे, काका."

ते वळले नाहीत. "दोरा उरलाय अजून," त्यांचा आवाज आला.

"उरू दे," मी म्हणालो.