देवरावकाकांच्या घरची खिरापत

देवरावकाका नव्या माणसाला नमस्कार करत नाहीत. त्याच्या शर्टाची बाही चिमटीत धरतात, चोळतात आणि निकाल देतात. दिग्रसच्या जिनिंगमध्ये त्यांचा जन्म कापूस पारखण्यात गेला. ते निवृत्त झाले, बोटं झाली नाहीत. पहिल्या भेटीत माझी बाही चोळून म्हणाले, "लांब धाग्याचे आहा. पण कडक." माझी बायको अजून हसते.

आमच्या लेआउटच्या बिल्डरला त्यांनी लांबूनच 'कवडी' ठरवलं. डागी कापसाला इकडे कवडी म्हणतात.

हा लेआउट गावाबाहेर, पूर्वीच्या तुरीच्या वावरात आहे. नियमाप्रमाणे बिल्डरला मोठ्या बंगल्यांबरोबर काही लहान, परवडणारी घरंही बांधावी लागली. ती त्यानं मागच्या रांगेत ढकलली. तिथे ऑटोवाले, शिवणकाम करणाऱ्या बाया, जिनिंगमधले मजूर राहतात. मधे फक्त एक मोकळी पट्टी. काकांचा बंगला शेवटचा, त्या पट्टीला लागून. काकू वारल्या, मुलगी पुण्याला; घरात ते एकटेच.

यंदा बंगलेवाल्यांच्या डोक्यात भिंत शिरली. ती घरं पलीकडे, आपण अलीकडे. मी सोसायटीचा सेक्रेटरी, म्हणून टेप लावून मीच मोजलं. भिंत कशाला, हे कोणी विचारलं नाही. लांबी किती, एवढंच विचारलं. एकशे ऐंशी फूट.

बैठकीत काकांनी हात वर केला. "भिंत माह्या घराच्या कोण्या अंगानं चालली, सेक्रेटरी?"

"मागच्या, काका."

"समोरून घ्या."

"अहो, मग तुम्ही पलीकडे जाल!"

"जातो ना."

समोरचे डॉक्टर चिडले. "काका, तुमच्या बंगल्याचा भाव पडेल!"

काकांनी त्यांची बाही चोळली. "साहेब, सूत कमी, पॉलिस्टर जास्त."

बैठक हसण्यात बुडाली. पण भिंत काकांच्या हद्दीवर टेकणार होती, त्यांच्या होकाराशिवाय ती उभी राहणार नव्हती. तेव्हा ठरलं की काकांना सेक्रेटरीनं समजवावं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेलो. दार उघडंच होतं. आत पाटावर मातीची भुलाबाई आणि भुलोजी बसवलेले, आणि मागच्या रांगेतल्या मुली टाळ्या वाजवत गाणी म्हणत होत्या. भादव्यापासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे मुली घरोघर भुलाबाईची गाणी म्हणतात. शेवटी घरच्यांनी डब्यात झाकून ठेवलेली खिरापत ओळखायची. ओळखली की वाटतात. पण एकट्या म्हाताऱ्यानं भुलाबाई बसवलेली मी प्रथमच पाहिली.

"तुमची काकू बसवे," काका हळूच म्हणाले. "ती गेल्यावर मी बंदच केलतं. मंग ह्या पोरीच दारात आल्या. म्हणे, आजोबा, तुमची भुलाबाई काहून रुसली? आता यायले काय सांगू?"

गाणं संपलं. काकांनी डबा हलवला. "ओळखा!"

"करंज्या!"

"नाही."

"शिरा!"

"शिरा वाजते काय वं, येडे?"

"लाडू! शंकरपाळे!"

"नाही, नाही!" काकांचा चेहरा फुलला होता.

मला तर दारातच उकडलेल्या शेंगांचा वास आला होता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात शेजारची मुलगी कानाशी लागली. "काका, सांगू नका. आजोबाले शेंगाच उकडता येते. रोज शेंगाच असते."

"मग ओळखत का नाही?"

"लवकर ओळखलं का आमाले घरी जा लागते ना. मंग ते एकटेच राह्यते."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. हसू जरा मावळलं. "सेक्रेटरी, भिंतीचं बोलाले आले काय?"

"नाही," मी म्हणालो. "भुलाबाईला आलो."

"मंग ओळखा!" डबा माझ्या कानाशी थपथपला.

हिशेबात मी कधी चुकत नाही. डोळे मिटून बराच विचार केला. "चकल्या?"

"चुकलं!" काका ओरडले. "म्हणा वं पोरीहो, आणखी एक गाणं. सेक्रेटरीले ओळखता येईपरेंत सोडू नका."

मी सतरंजीवर मांडी घातली.