शेवटच्या भागाची ओटी

आमच्या शेजारच्या गयामावशींच्या टीव्हीला कुंकू लागलेलं असतं. नवा आणला तेव्हा पूजा केली असेल, असं कुणालाही वाटेल. पण हे कुंकू कडेला नाही, भर पडद्यावर असतं, आणि एक टिपका नाही, चांगले चार-पाच. त्यामुळे मावशींकडे बातम्या बघायला बसलं की निवेदकाच्या गालावर कुंकू दिसतं आणि हवामानाच्या नकाशात अर्धा विदर्भ लाल होतो. पुसा म्हटलं तर त्या म्हणतात, राहू द्या, आपोआप जातंय.

कारण असं, की मालिका संपली की गयामावशी नायिकेची ओटी भरतात. त्यांचं म्हणणं, ही पोर दोन-दोन वर्षं रोज संध्याकाळी आपल्या घरी आली, आपल्यासमोर रडली, बाळंत झाली, आता पुन्हा दिसायची नाही. मग तिला रिकामी कशी जाऊ द्यायची? शेवटच्या भागाच्या दिवशी ताटात गहू, नारळ, खण, हळकुंड, सुपारी आणि खारीक घेऊन त्या टीव्हीसमोर उभ्या राहतात. नायिका सगळ्यांच्या पाया पडायला लागली की कुंकवाचं बोट पुढे करतात. अडचण एवढीच, की बोट पोचेपर्यंत जाहिरात लागते. एकदा ते कुंकू दाढी करणाऱ्या बाप्याला लागलं. एकदा तर पोरीला छळछळ छळणाऱ्या सासूला लागलं, आणि त्या दिवशी मावशी जेवल्या नाहीत.

ओटीचा नारळ दुसऱ्या दिवशी चटणी होऊन माझ्याकडे येतो. खण मात्र परत कपाटात जातो आणि पुढच्या नायिकेला कामी येतो. यात मावशींची चिंगूसगिरी नाही. आमच्या पाटोद्यातले ब्लाउजपीस तसेही कुणी शिवत नाही, ते नुसते घरोघर फिरतात.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. बदली होऊन इथं आले, नवरा लातूरला राहिला, तो शनिवारी येतो. बाकीच्या दिवशी शाळा सुटल्यावर माणसानं या गावात काय करायचं, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. बाजाराचा दिवस सोडला तर दिवेलागणीनंतर रस्त्यावर कुत्री आणि बसस्टँडवरची तीच ती माणसं. माझी आणि मावशींची भिंत एक आहे. आधी त्या भिंतीतून मालिकेतलं रडणं ऐकून माझं डोकं उठायचं. मग कंटाळून मी एके दिवशी तिथंच जाऊन बसले, ती अजून बसतेच आहे.

मावशी अंगणवाडीत होत्या, आता निवृत्त झाल्यात. त्यांचा नवरा लेक पाळण्यात असतानाच गेला. लेकीला, अर्चनाला, त्यांनी एकटीनं वाढवलं. अंगणवाडी सुटली तरी अंगणवाडीची नजर काही सुटली नाही. नायिकेला चक्कर आली, की सगळं घर डॉक्टरला फोन लावत असताना मावशी इकडून सांगतात, "वजन करा आधी तिचं." नायिका उन्हात गेली, रुसली, विष प्यायली, काहीही झालं तरी आधी वजन. एका मालिकेतली बाई दिवाळीत गरोदर राहिली, पुढची दिवाळी आली तरी तिचं पोट होतं तेवढंच. तेव्हा मावशींनी चिंतेनं माझ्याकडे बघितलं आणि अशी केस आपल्याकडं असती तर बीडला पाठवली असती, असं म्हणाल्या. पुढे त्या बाईला मुलगा झाला आणि चार भागांत तो शाळेत जायला लागला. त्याचे डोस कधी झाले, हे मावशी अजून विचारतात.

शेवटच्या भागांवर मात्र त्यांचा राग आहे. वर्षानुवर्षं एकमेकांच्या जिवावर उठलेली माणसं शेवटच्या पाच मिनिटांत एका पंगतीला बसतात, हे त्यांना पटत नाही. "एवढी भांडनं एका जेवनावर मिटतेत व्हय?" असं त्या विचारतात आणि डोळेही पुसतात. एक मालिका तर न सांगता बंद पडली. दुसऱ्या दिवशी त्या वेळेला दुसरीच सुरू झाली. मावशींना ते फार लागलं. त्यांनी ताट केलं, नव्या नायिकेसमोर उभं राहून जुनीची ओटी भरली आणि नवीला सांगितलं की बाई, हे तुझं न्हाई, तुला अजून टाईम हाय.

मी हसायची, पण आतून मला वाईटही वाटायचं. संक्रांतीला गल्लीतल्या बाया नटूनथटून हळदी-कुंकवाला निघतात आणि मावशींच्या दारावरून तशाच पुढे जातात. मलाही बोलावतात, त्यांना नाही. कुणी भांडून टाळत नाही, सगळ्या त्यांच्याशी गोडच बोलतात, अडीअडचणीला त्यांच्याकडेच येतात. फक्त ओटी, कुंकू, वाण असलं काही आलं की विधवा बाई आपोआप वगळली जाते. मला वाटायचं, बाहेर कुणी हात लावू देत नाही म्हणून बिचारी टीव्हीतल्या बायांची भरते. माझा हा अंदाज मला इतका पक्का वाटत होता, की मी तो नवऱ्यालाही सांगून टाकला होता.

मग अर्चनाला दिवस राहिले. तिचं सासर गेवराईला. सातव्या महिन्यात ओटभरण माहेरी करायचं आणि ती बाळंतपणाला इथंच राहायची, असं ठरलं. मावशींनी आठवडाभर आधीपासून घर डोक्यावर घेतलं. अर्चनाला रोज वजनकाट्यावर चढवलं. ओटीला पहिला हात कुणाचा, हा विषय निघाला तेव्हा अर्चनानं सासूला फोनवर स्पष्ट सांगितलं की पहिली ओटी माझी आईच भरणार. भांडण होणार म्हणून मी तयारीतच होते. पण विहीणबाई शहाण्या निघाल्या. आईचा मान आईलाच, एवढं बोलून त्यांनी विषय संपवला. मला इतका आनंद झाला की मी मावशींसाठी फिक्या जांभळ्या रंगाचं लुगडं आणलं.

कार्यक्रमाच्या दिवशी अर्चना हिरव्या साडीत पाटावर बसली. बाया जमल्या, ताट आलं, आणि मावशी कुठं दिसेनात. दही आणते म्हणून गेल्या होत्या, असं कुणीतरी सांगितलं. दही घरात भांडंभर होतं. आम्ही वाट बघितली, दोघीजणी बघायलाही जाऊन आल्या. अर्चना पदर पसरून तशीच बसली होती आणि तिचा चेहरा उतरत चालला होता. शेवटी मुहूर्त टळतोय म्हणून विहीणबाईंनी ओटी भरली. जेवणावळ उठल्यावर मावशी दह्याची पिशवी घेऊन परत आल्या. मी आणलेलं लुगडं त्यांनी नेसलेलं होतं, तेवढंच. अर्चना त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही.

पाहुणे गेले. संध्याकाळी मी गेले तर अर्चना आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली. इकडे टीव्हीवर मावशींच्या मालिकेचा शेवटचा भाग चालू होता आणि समोर ताट तयार होतं. माझा संताप झाला. पोटच्या लेकीची भरली नाही आणि हिची भरताय का, असं मी तोंडावर विचारलं.

मावशींनी आत ऐकू जाऊ नये म्हणून टीव्हीचा आवाज वाढवला. मग पडद्याकडे बघतच त्या बोलल्या. अर्चना पोटात होती तेव्हा त्यांचं स्वतःचं ओटभरण चकलांब्याला माहेरी झालं. त्यांची आई विधवा होती. मावशी तेव्हा नुकत्याच अंगणवाडीचं ट्रेनिंग करून आल्या होत्या आणि असलं काही मानायचं नाही, असं तिथं शिकल्या होत्या. आईच भरंल, म्हणून त्या अडून बसल्या. आई नको नको म्हणत होती, तरी तिनं भरली. अर्चना पाळण्यात असताना मावशींच्या नवऱ्याची जीप घाटात उलटली आणि तो गेला. मातीहून परत आलेल्या बायांनी दारातच पहिलं विचारलं, की हिची ओटी कुणी भरलती. आईनं ते ऐकलं आणि त्यानंतर ती कधी लेकीच्या घरी आली नाही. नात बघायलासुद्धा आली नाही.

"पण तुम्ही मानता का हे?" मी विचारलं.

"म्या न्हाई मानत. जीपचा ब्रेक गेलता, समद्यांला ठावं हाय." मावशींनी आतल्या दाराकडे बघितलं. "पर आई मेली तवा तिच्या मातीला गेलते ना मॅडम, तिचं तोंड बघितलं अन् पहिलं काय मनात आलं सांगू? हिनंच भरलती. आलंच मनात. एवढं शिकून, एवढ्या बायांला शिकवून."

मावशींनी ताटातला नारळ सरळ केला.

"अर्चीचा नवरा रोज गाडीवर जातोय-येतोय. उद्या नुसता घसरला जरी, तरी ती माझ्याकडं एकदा तसं बघंल. एकदाच, पर बघंल. ते मला न्हाई बघायचं. आज रुसली तर रुसू द्या."

टीव्हीवर नायिका वाकून वडीलधाऱ्यांच्या पाया पडायला लागली. मावशी गुडघ्यावर हात देत उठल्या आणि त्यांनी ताट उचललं.

"हिचं बरं हाय," त्या म्हणाल्या. "हिचा नवरा खोटा हाय. त्याला काय होत न्हाई."

त्यांनी पडद्याला कुंकू लावलं, गव्हाची ओंजळ समोर धरली, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटल्या. घरातली सगळी माणसं हसत उभी राहिली, मालिका संपली आणि नावं सरकायला लागली. मावशींनी टीव्ही बंद केला. एकदम शांत झालं.

"आई," आतून अर्चना म्हणाली. तिचा आवाज झोपेतून उठल्याचा नव्हता. "आजी दिसायला कशी होती गं?"

मावशींनी ताट तसंच टीव्हीसमोर ठेवलं. ते न आवरताच त्या आत गेल्या. मी दार ओढून घेतलं आणि माझ्या घरी आले.