चोर कोण ते पैसे दिल्यावर

कथेचा शेवट घरातच दाबून ठेवायचा, हे बाईंनी एकदाचं ठरवलं. मासिकात त्यांच्या कथा छापून येत, कौतुकाची पत्रं येत, भेट अंकही येई; मानधन तेवढं येत नसे. विचारलं की संपादक म्हणायचे, "वहिनी, ही साहित्यसेवा आहे." कागदवाला, छपाईवाला, अंक पोचवणारा, यांतलं कुणी सेवा करत नव्हतं. सेवेचा मक्ता एकट्या बाईंकडे. म्हणून या खेपेला हार चोरीला गेल्याची कथा त्यांनी दोन भागांत दिली. पहिला भाग छापून आला, खाली 'उत्तरार्ध पुढील अंकी' असंही आलं, आणि मग बाईंनी कळवलं, मागच्या सगळ्या कथांचे पैसे पोचले की उत्तरार्ध पोचेल.

संपादकांनी आधी कानाडोळा केला. पण वाचकांचे फोन थांबेनात. मग त्यांनी स्वतःच शेवट लिहून पाहिला. तो बायकोनं वाचला आणि रद्दीत ठेवला. त्यात सासूबाई मुक्कामाला आलेल्या. चोर कोण ते कळेपर्यंत जावयाशी बोलणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. ते संपादकांना चाललं असतं, पण त्या परत जायलाही तयार होईनात. अखेर अंक छपाईला जायच्या दिवशी संपादक बाईंच्या दारात हजर झाले.

बाई चहा टाकायला आत गेल्या आणि तिथंच घात झाला. बाईंचा नवरा भिडस्त माणूस. पाहुण्याला नाही म्हणणं त्याला आयुष्यात जमलं नव्हतं.

"तुम्हाला तर वाचून दाखवली असेल ना कथा?" संपादकांनी हळूच विचारलं.

"हो तर. अहो, हार थोरल्या जावेनंच घेतलाय."

बाई चहा घेऊन आल्या तेव्हा संपादक पिशवी उचलून निघाले होते.

"चहा राहू द्या, वहिनी. शेवट मिळाला. आता दोन पानं मीच खरडतो."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं छताकडे पाहिलं. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण हातातला चहा सांडला नाही.

"खरडा की," त्या म्हणाल्या. "फक्त थोरली जाऊ त्या दिवशी दवाखान्यात होती, हे पहिल्या भागात छापलंय तुम्ही. तिनं तिथून हार कसा पळवला, तेवढं वाचकांना सांगा."

संपादकांनी वळून नवऱ्याकडे पाहिलं. "कसा पळवला हो?"

नवरा चुळबुळला. "म्हणजे, घरात सगळे तिच्यावर आळ घेतात, तिथपर्यंत ऐकलं मी. पुढे जरा डोळा लागला."

"अहो वहिनी, मग घेतला कुणी?"

"पैसे," बाई म्हणाल्या. "मागचे सगळे, आणि या कथेचेही. सेवा पुरे झाली आता."

संपादक बराच वेळ खिशात हात घालून उभे राहिले. मग डोळ्यांपुढे सासूबाई आल्या असाव्यात. पाकीट निघालं, पुरलं नाही, तेव्हा खाली गाडीतल्या पेटीतून आणखी आणले. बाईंनी पैसे मोजून घेतले आणि उत्तरार्ध हातात ठेवला. जिना उतरता उतरताच ते शेवटचं पान वाचत गेले. "अरे देवा, हा होय," असं खालून ऐकू आलं.

दार लागल्यावर नवरा खुर्ची पुढे ओढून बसला.

"आता मला तरी सांग. चोर कोण?"

बाई पैसे कपाटात ठेवत होत्या.

"अंक निघेल की," त्या म्हणाल्या. "विकत घ्या."