अप्पांनी रुळवलेले बूट

हाफ मॅरेथॉन पळायचा निर्णय मी डबा खाताना घेतला. (माझे बहुतेक निर्णय तोंड भरलेलं असतानाच झालेले आहेत.) आमचा कॅशियर म्हणाला, "समुद्रकाठी एकवीस किलोमीटरची शर्यत आहे, साहेब. पण ते आपलं काम नव्हे." झालं! संध्याकाळपर्यंत मी फी भरून, घरच्या चौघांची तिकिटं काढून मोकळा.

बायको शांतपणे म्हणाली, "अहो, तुम्ही सुरू केलेली एक गोष्ट पुरी झालेली दाखवा मला. एकच."

मी मनातल्या मनात यादी केली. गिटारचे तीन धडे. फ्रेंचचे दोन. गॅलरीच्या दाराला एकाच बाजूने दिलेला रंग. यादी तिथेच आवरती घेतली.

"ही पुरी करणार," मी म्हणालो. "रांगत जावं लागलं तरी."

"रांगा. पण पोचा."

खरं सांगतो, ते मला लागलं. या खेपेला माघार नाही, असं मी ठरवून टाकलं.

मी पडलो हेडक्लार्क. कामं वाटून देणं हेच माझं काम. रविवारी फ्रिजवर तक्ता चिकटवला. पहाटे उठवणं: बायको. वेळेची आणि अंतराची नोंद: मुलगी (वय बारा, जीभ चाळिशीची). नवे निळे बूट रुळवणं: अप्पा, म्हणजे माझे वडील. आमच्या पायांचं माप एकच. नव्या बुटांनी फोड येतात असं मी वाचलं होतं. मग ते माझ्याच पायांना कशाला? पळणं तेवढं स्वतःकडे ठेवलं.

"नवे बूट मी घालणार, तर तू पळणार कशात?" अप्पांनी विचारलं.

"जुन्यात."

"मग शर्यतही जुन्यातच पळ की."

वडीलधाऱ्यांना नियोजन कळत नाही. मी विषय सोडून दिला.

तीन महिने मी खरोखर पळालो. गुडघे कुरकुरले, कुत्री मागे लागली (माझा सगळ्यात वेगवान किलोमीटर तोच, मुलीच्या वहीत तशी नोंद आहे), पण एक दिवस चुकवला नाही. तिकडे अप्पा नवे बूट घालून बाजारात, बागेत आणि बँकेत जात होते. अप्पांच्या डाव्या अंगठ्याजवळ हाड वाढलंय, आणि उजवा पाय ते जरा फरपटत टाकतात. बुटांनी हे सगळं मन लावून शिकून घेतलं.

शर्यतीच्या सकाळी ते बूट मी पहिल्यांदा पायात घातले. लेसला आयोजकांनी दिलेली बटणाएवढी चिप बांधली. चिप म्हणजे आपली हजेरी. रस्त्यात टाकलेल्या पट्टीवरून बूट गेला की वेळेची नोंद होते. एक पट्टी सुरुवातीला, एक चौदाव्या किलोमीटरला, एक शेवटच्या गेटखाली. साडेतीन तासांत पोचलं नाही, तर नाव कटाप.

दुसऱ्याच किलोमीटरला पाय एका दिशेला आणि बूट दुसऱ्या दिशेला जाऊ लागले. सहाव्याला मी हुबेहूब अप्पांसारखा उजवा पाय फरपटत होतो. दहाव्याला एका आजींनी मला मागे टाकलं, तेही फोनवर बोलत बोलत. चौदाव्याची पट्टी ओलांडली तेव्हा दोन तास दहा मिनिटं झाली होती आणि पायांची नुसती आग होत होती. पलीकडेच घरची मंडळी टॅक्सी घेऊन उभी.

"बसा गाडीत," पायांकडे बघून बायको म्हणाली. आवाज चक्क मऊ होता. "मी काही म्हणणार नाही."

ती काही म्हणणार नाही, याचीच मला धास्ती वाटली.

"अप्पा, चपला काढा!"

"अरे, पण..."

"काढा म्हणतो ना!"

अप्पांनी चपला दिल्या आणि बूट स्वतःच्या पायात चढवले. "वा! आता कसं बरं वाटलं," म्हणाले. टॅक्सी त्यांना घेऊन पुढे निघून गेली आणि मी चपला फटफटवत मागून निघालो.

ते सात किलोमीटर मी कसे काढले, माझं मला ठाऊक. चाललो, पळालो, लंगडलो, दोनदा देवाशी भांडलो. थांबलो मात्र नाही. शेवटच्या वळणावर मुलगी ओरडली, "बाबा, तीनच मिनिटं राहिलीत!" मी एक चप्पल पायात आणि एक हातात, असा सुसाट सुटलो. गेटखाली अप्पा खुर्ची टाकून चहा पीत बसले होते. ("इथून नीट दिसतं रे.") वयाचा मान राखून त्यांना कुणी उठवलं नव्हतं. त्यांना वळसा घालून मी पलीकडे गेलो, तेव्हा मिनिटभर शिल्लक होतं.

बायकोने मला धरलं. "पुरी केलीत हो," म्हणाली आणि तिने डोळे पुसले. मला रडू आलं. भर रस्त्यात आलं, पण लाज वाटली नाही.

तीन दिवसांनी ऑफिसात गेलो, तर सूचनाफलकासमोर ही गर्दी. कॅशियरने आयोजकांच्या साइटवरून माझा निकाल छापून लावला होता. नाव माझं, नंबर माझा. चौदा ते एकवीस किलोमीटर: बारा मिनिटं. शेरा: वाहनाचा वापर, स्पर्धक बाद.

क्षणभर मला काही कळेना. मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चिप बुटाला होती, आणि बूट टॅक्सीने गेले होते.

खाली 'शर्यत पूर्ण करताना' असा फोटो. चिप पट्टीवर आली की तिथला कॅमेरा आपोआप टिपतो म्हणे. फोटोत अप्पा. वय बहात्तर, चकचकीत टक्कल, पांढऱ्या झुबकेदार मिशा (मला मिशा नाहीत), हातात चहाचा कप, पायात निळे बूट.

"हे बघा," मी घसा खाकरून म्हणालो, "गैरसमज झालाय. हा फोटो पाहिलात ना..."

"पाहिला की, साहेब." कॅशियरने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बाद झालात त्याचं एवढं मनाला लावून घेऊ नका. फोटोत अगदी आहात तसे आलात."

मागे उभ्या असलेल्या सगळ्या ऑफिसने माना डोलावल्या.