कथबर्टनं घरच्या हीटिंगचं घड्याळ बदललं

अर्नीला बोलवायचं नाही, एवढंच कथबर्टनं ठरवलं होतं. बाकीचं सगळं त्या एका ठरवण्यातनं झालं.

इंग्लंडातल्या नॉर्थम्बरलँडचा जानेवारी. बाहेर मेंढ्यांच्या पाठीवर बर्फ, आणि बॉयलरचं घड्याळ नेमकं तेव्हाच मेलं. नळाचं पाणी कधी तापवायचं आणि खोल्यांतले रेडिएटर कधी तापवायचे, हे भिंतीवरचं ते डबडं ठरवायचं. आता ते काहीच ठरवीना. कथबर्टची बायको ऑड्री म्हणाली, अर्नीला फोन कर. गावात वायरिंग करणारा तोच एक.

अर्नीचं नाव काढलं की कथबर्टचं डोकं फिरायचं. सप्टेंबरात गावच्या क्लबात लीकची स्पर्धा भरते. (लीक म्हणजे कांद्याच्या पातीचा दांडगा भाऊ. त्यापायी तिथं सख्खे शेजारी बोलायचे बंद होतात.) सलग सहा वर्षं पहिला नंबर अर्नीचा. यंदा कथबर्टनं मागच्या खोलीत, रेडिएटरच्या वरच्या फळीवर, बारा रोपं धरली होती, आणि खोलीला कुलूप घालतो हे गावभर झालं होतं. प्रत्येक कुंडीत लाकडाची पट्टी. पुढं नंबर, मागं त्या रोपाला काय पाजायचं ते. अर्नी घरात शिरला आणि त्यानं हे बघितलं, तर सातवं वर्षही गेलं. आणि रेडिएटर गार राहिला तर रोपंच गेली.

"रोपं मरतील," ऑड्री म्हणाली. "त्यांच्या आधी मी मरेन, पण ते तुला उशिरा कळेल."

कथबर्टनं तालुक्याच्या दुकानातनं नवं घड्याळ आणलं. मेन स्विच बंद केला, जुनं डबडं उघडलं. बाकीच्या तारा रंगावरनं कळत होत्या, पण दोन तारा, एक पाण्याची आणि एक रेडिएटरची, सारख्याच राखाडी. खूण करायला पाहिजे. कागद कोण शोधत बसणार? त्यानं कुंड्यांतल्या दोन पट्ट्या उपसल्या, हाताला लागल्या त्या. वरच्या तारेला चार नंबरची बांधली, खालच्या तारेला तीन नंबरची. इथवर त्याचं डोकं चाललं. (इथवर चालतं, हे ऑड्रीही कबूल करते.)

तेवढ्यात एक मेंढी कुंपणाच्या तारेत अडकली. तिला सोडवून, तिला आणि तिच्या आईला शिव्या घालून तो तासाभरानं परत आला. बघतो तर नव्या घड्याळाच्या पाठीवर वरनं खाली आकडे छापलेले. तीन आणि चार. पट्ट्यांवरही तीन आणि चार. कारखान्यात कुणीतरी शहाणा माणूस बसलाय, असं त्याला वाटलं. त्यानं तीनला तीन जोडली, चारला चार. सूचनांचा कागद होता, त्यावर चहाचा कप ठेवला.

मग हीटिंगचं बटण दाबलं. तास गेला, दोन तास गेले, रेडिएटर बर्फासारखे. नळातनं मात्र वाफ यायला लागली. त्यानं बॉयलरला लाथ घातली. बॉयलरला काही झालं नाही.

शेवटी ऑड्रीनं ते बटण बंद केलं, अंघोळीसाठी पाण्याचं बटण लावलं आणि टबात जाऊन बसली. इकडं रेडिएटर टकटक करत तापायला लागले. कथबर्ट चक्रावला. त्यानं बराच विचार केला, आणि त्यातनं एकच निघालं: ऑड्री अंघोळ करते तेव्हा घर तापतं. कसं, ते त्यानं विचारलं नाही. (पंधराव्या वर्षी शाळा सुटली, आणि त्यातलीही निम्मी मेंढ्यांमागं गेलेली.)

ऑड्री बाहेर आली, तर त्यानं तिला परत आत पाठवली. पहिली अंघोळ बरी झाली, आधी तापलेलं पाणी होतं. दुसरी कोमट झाली. तिसऱ्यांदा तो दाराशी खुर्ची टाकून बसला.

"अजून दहा मिनिटं बस. रोपांनी माना वर काढल्यात."

"कथबर्ट, पाणी गार आहे."

"घर गरम आहे ना."

"मी घरात नाही. मी टबात आहे."

ती उठली, टॉवेल गुंडाळला आणि तशीच फोनकडं गेली.

अर्ध्या तासात अर्नी हजर. तोवर कथबर्टनं कुंड्यांवर दोन ब्लँकेटं टाकली, खोलीला कुलूप लावलं, किल्ली खिशात घातली आणि दारासमोर हाताची घडी घालून उभा राहिला. अर्नीनं त्या दाराकडं ढुंकूनही बघितलं नाही. मेन स्विच बंद केला, घड्याळ उघडलं, चष्मा लावला आणि आत वाकून बघत राहिला. यालाही काही कळत नाही, म्हणून कथबर्टला बरं वाटलं. मग एकदम आठवलं, तारांना काय बांधलंय ते. तो धावला. तोवर अर्नीची चार नंबरची पट्टी वाचून झाली होती आणि तो तीन नंबरची उलटी करत होता.

अर्नीनं दोन तारांची अदलाबदल केली. घर तापलं, पाणी तापलं. दोन्ही पट्ट्या त्यानं कथबर्टच्या हातात दिल्या.

"गावात कुणाला सांगू नकोस," कथबर्ट म्हणाला. असं हळू तो जन्मात बोलला नव्हता.

"काय सांगू? काळी बिअर, लेंड्यांचं पाणी, दोन चमचे काकवी. पहिल्या वर्षी मी हेच पाजलं होतं. मुळं सडली." अर्नीनं पेटी उचलली. "खरं सांगू का गड्या, तू दाराला कुलपं घालायला लागलास तेव्हापासून मी नीट झोपलो नव्हतो. वाटायचं, यंदा याच्याकडं काहीतरी आहे. आज झोपेन."