टॅब, ड्राइव्ह आणि एक बंद पाकीट

लॅपटॉप देऊन त्याबदली टॅब घ्यायचा, हा निर्णय लंबकरावांनी उभ्याउभ्या घेतला. (ते सगळेच निर्णय उभ्याउभ्या घेतात. बसून घ्यायचे तर आधी बसावं लागतं, आणि तेच त्यांना जमत नाही.) बायकोची पाठ दुखते, लॅपटॉप म्हणजे विटांची पिशवी, टॅब कसा वहीसारखा हलका, एवढा विचार दुकानाच्या पायरीवर झाला आणि पाच मिनिटांत लॅपटॉप काउंटरपलीकडे गेला. लॅपटॉपमध्ये जागा उरली नव्हती म्हणून त्यातलं बायकोचं सगळं सामान त्यांनी योगायोगानं आदल्या दिवशीच एका बाहेरच्या ड्राइव्हवर उतरवून ठेवलं होतं. साबणाच्या वडीएवढी काळी डबी. एवढी दूरदृष्टी या घरात फक्त आपल्याकडे आहे, हे त्यांनी घरी आल्यावर तीनदा सांगितलं. ते उतरवायचं काम ते ऑफिसात गेलेले असताना आपोआप झालं होतं, हा मुद्दा तेव्हा कुणाच्या लक्षात आला नाही.

लंबकराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते पाणीपुरवठा खात्यात हेडक्लार्क, आणि हे नाव त्यांना त्यांच्याच सेक्शननं दिलेलं. खुर्चीला पाठ टेकली रे टेकली की त्यांचा उजवा पाय सुरू होई. टाच वर, टाच खाली, गुडघा टेबलाच्या पायावर टकटक. शेजारच्या कारकुनानं शिक्क्याच्या पॅडखाली पुठ्ठा सरकवला होता, नाहीतर पॅड दर तासाला त्याच्या मांडीवर उतरायचं. लग्नाच्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेतल्या आत्यासुद्धा स्वच्छ दिसतात, फक्त नवरदेव हललेला आहे. स्वतः लंबकरावांना मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं. आपला स्वभाव शांत, असंच ते समजून होते.

बायको प्राथमिक शाळेत शिक्षिका. बावीस वर्षं पहिली-दुसरीचे वर्ग सांभाळलेली. सोमवारी बाहेरगावी दोनशे शिक्षकांपुढे तिचं भाषण होतं, आयुष्यातलं पहिलं. विषय होता, वर्गात एका जागी न बसणारी मुलं. त्यासाठी तिनं सहा वर्षं आपल्या वर्गातले छोटे छोटे व्हिडिओ काढून जमवले होते आणि महिनाभर आरशापुढे उभी राहून ती बोलण्याची तालीम करत होती. तिथल्या सभागृहात बाहेरची ड्राइव्ह त्यांच्या कॉम्प्युटरला लावू देत नसत, टॅब मात्र पडद्याला जोडता येई. म्हणजे व्हिडिओ डबीतून टॅबमध्ये यायलाच हवेत, आणि तेही रविवारी संध्याकाळी पाचची बस सुटण्याआधी. (वर्गातल्या चाळीस मुलांचे पाय तिला न बघता कळत. पण घरी आली की ती शिक्षिका नसे, सुट्टीवर असे. म्हणूनच लंबकराव इतकी वर्षं निभावून गेले.)

रविवारी सकाळी दहाला लंबकराव बाह्या सरसावून जेवणाच्या टेबलाशी बसले. समोर सासूबाई मटार सोलत होत्या. टॅबला जोडणी म्हणजे बोटाएवढा अडॅप्टर लावला, जोडणीला वायर, वायरीला डबी. डबीचा निळा दिवा लागला, पडद्यावर सोळाच्या सोळा व्हिडिओ हजर झाले.

“झालं,” लंबकराव म्हणाले. “अर्ध्या तासाचं काम.”

त्यांनी कॉपीचं बटण दाबलं आणि निवांत मागे टेकले. दुसरा व्हिडिओ निम्मा उतरला आणि निळा दिवा गेला. ड्राइव्ह अचानक काढली गेली आहे, अशी तक्रार टॅबनं केली. काढली कोणी, हे लंबकरावांनी टॅबलाच विचारलं. पुन्हा लावली, पुन्हा लागली, पुन्हा मागे टेकले, पुन्हा गेली. तिसऱ्यांदा त्यांनी वायरीची पिन पुसली. चौथ्यांदा त्यांनी डबीवर हलकेच चापट मारली, जी चापट त्यांच्या खात्यात सगळ्या यंत्रांना मारतात.

पाचव्यांदा टॅबनं तक्रार केली नाही. ही ड्राइव्ह वाचता येत नाही, फॉरमॅट करायची का, असं अगदी अदबीनं विचारलं. लंबकरावांना अदबीनं विचारलेल्या कुठल्याही गोष्टीला होकार द्यायची सवय. त्यांचं बोट ‘हो’वर उतरणार, तेवढ्यात बायकोनं मनगट पकडलं.

“ते दाबलंत तर सगळं पुसून जाईल,” ती म्हणाली. “सहा वर्षं आहेत त्यात. त्यातली कितीतरी मुलं आता हायस्कुलात गेली.”

मनगट तिनं अजून सोडलं नव्हतं.  लॅपटॉप कोणी दिला, सगळं ड्राइव्हवर कोणी उतरवलं, दुसरी प्रत कोणी ठेवली नाही, या तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकच माणूस होता.  ते ताडकन उठले, डबी आणि टॅब छातीशी धरून दुकानाकडे निघाले.

दुकानदारानं काउंटरवर दोन्ही ठेवून वायर लावली. दिवा लागला तो लागलाच. व्हिडिओ उघडला, एक मुलगी बाकावर उभी राहून कविता म्हणत होती, ती पूर्ण कविता म्हणून खाली उतरली तरी दिवा जागचा हलला नाही. काउंटर दगडी होता आणि लंबकराव उभे होते. लंबकरावांनी तिथेच कॉपी करून घ्यायची गोष्ट काढली, पण मागे रविवारच्या गिऱ्हाइकांची रांग होती. जोडणी बदलून बघा म्हणाला. नवी जोडणी घेऊन ते धावत घरी आले, टेबलाशी बसले, आणि निळा दिवा पुन्हा गेला.

दुसऱ्या फेरीत दुकानदारानं, डबीला टॅबची वीज पुरत नसेल म्हणून भिंतीतून वीज घेणारी एक पट्टी दिली. घरी ती लावली. दिवा चार मिनिटं टिकला, कारण चार मिनिटं लंबकराव खाली वाकून प्लग शोधत होते. ते येऊन बसले आणि दिवा गेला. तिसऱ्या फेरीत दुकानदार जेवायला जाण्यासाठी शटर ओढता ओढता म्हणाला, “दादा, इथे चालतंय ना? मग घोळ तुमच्या घरात आहे.”

त्याला काय म्हणायचं होतं कोण जाणे, पण लंबकरावांना घरातली वीज एवढंच कळलं. आल्या आल्या त्यांनी पंखा बंद केला, मग टीव्ही, मग फ्रिज. सासूबाईंची मालिका ऐन भांडणात गेली. डबीखाली त्यांनी उशी ठेवली, उशीखाली पाट ठेवला. खिडकी लावली, न जाणो वाऱ्यानं वायर हलत असेल. एवढं करून घाम पुसत ते पुन्हा टेबलाशी बसले. दोन वाजले होते. फ्रिजमधलं दूध बाहेर काढावं का, असं सासूबाईंनी विचारलं, तर जरा दम धरा म्हणाले.

बायको समोर येऊन बसली होती. तिनं हातातल्या कागदावर भाषणाचा पहिला परिच्छेद पुन्हा लिहायला घेतला होता, या वेळी व्हिडिओ नाहीत असं धरून. दोन ओळी लिहून ती थांबली. व्हिडिओ नसतील तर बोलायला काय उरतं, हे तिला कळेना.

“हे मटार असे का पळतायत गं?” सासूबाई म्हणाल्या.

ताटातले सोललेले मटार खरंच एका बाजूला जमून थरथरत होते. बायकोनं मटारांकडे पाहिलं, मग पेल्यातल्या पाण्याकडे, मग डबीकडे. वायरीची पिन डबीच्या तोंडात किंचित ढिली होती आणि मटारांच्याच तालावर हलत होती. मग तिनं पेन खाली पाडलं आणि उचलायला वाकली. टेबलाखाली लंबकरावांचा उजवा पाय जोरात चालला होता आणि गुडघा टेबलाच्या पायावर आपटत होता. ती वाकलेली असतानाच वर निळा दिवा गेला.

ती वर आली ती वेगळीच बाई होऊन आली. आईकडे तिनं एकदा पाहिलं. आईनंही टेबलाखाली नजर टाकून घेतली होती.

“काखेत कळसा,” सासूबाई पुटपुटल्या आणि पुन्हा मटाराच्या शेंगेला लागल्या.

तुमचा पाय हलतो म्हणून सांगायचं, तर हा माणूस आधी वाद घालेल, मग पाय दाबून धरेल, आणि दाबून धरलेला पाय दुप्पट हलेल. वर्गातला बावीस वर्षांचा अनुभव होता. बायकोनं कागदाचा कोपरा फाडला, त्यावर एक ओळ लिहिली, पाकिटात घालून पाकीट नीट चिकटवलं.

“अहो, एक महत्त्वाचं काम आहे,” ती म्हणाली. “हे पाकीट मोठ्या बाईंना द्यायचंय. दुसऱ्या कुणाच्या हातात नको. उत्तर घेऊनच या.”

मोठ्या बाई म्हणजे तिच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, दोन गल्ल्या सोडून राहत. लंबकरावांची छाती फुगली. इकडे ड्राइव्हचं काय, असं त्यांनी विचारलं, पण तोवर त्यांचे पाय चपलांत गेले होते.

मोठ्या बाईंनी पाकीट फोडलं, वाचलं, चष्म्यावरून एकदा लंबकरावांकडे पाहिलं आणि त्यांना भिंतीवरचं घड्याळ उतरवून सेल बदलायला सांगितलं. मग खिडकीची कडी बघायला सांगितली. मग उत्तराचं पाकीट दिलं, पण ते घरी न्यायच्या आधी शाळेच्या ग्रंथपाल बाईंना दाखवून या, म्हणाल्या. ग्रंथपाल बाईंनी ते वाचून पुस्तकांची दोन गाठोडी माळ्यावर चढवून घेतली. लंबकराव साडेतीनला घरी परतले तेव्हा सगळे व्हिडिओ टॅबमध्ये होते, डबी पिशवीत होती, फ्रिज सुरू होता आणि बायको साडीला इस्त्री करत होती.

“झालं?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही गेलात आणि झालं,” ती म्हणाली. यात एक अक्षर खोटं नव्हतं.

“पट्टी तापायला वेळ लागतो,” लंबकराव म्हणाले. “मी म्हटलंच होतं.” (त्यांनी असं काहीही म्हटलं नव्हतं.) बसमध्ये शेजारच्या प्रवाशाला त्यांनी टॅबला ड्राइव्ह कशी जोडावी हे सविस्तर समजावलं. त्याला फक्त त्याच्या मांडीवरचा डबा सांभाळायचा होता.

सोमवारी सभागृह भरलं होतं. आत जाण्याआधी बायकोनं लंबकरावांच्या हाती एक बंद पाकीट दिलं. बरोबर साडेअकराला ते बाहेरच्या कार्यालयातल्या मॅडमना द्यायचं, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. लंबकरावांनी पाकीट वरच्या खिशात ठेवलं आणि पहिल्या रांगेत, टॅबच्या टेबलाला लागून बसले. जबाबदारीची जागा होती.

बायको पहिली दोन मिनिटं अडखळली, मग तिला सूर सापडला. अशा मुलांना ओरडू नका, म्हणाली. बस म्हटल्यानं बसता येत असतं तर ती बसलीच असती. ती वाईट नसतात, त्यांच्या अंगात काळजी मावत नाही म्हणून ती पायातून बाहेर येते. लंबकरावांना हे फार पटलं. आपल्या बायकोचा त्यांना इतका अभिमान वाटला की टेबलावरचा पाण्याचा पेला किणकिणायला लागला.

“मी एक युक्ती करते,” ती पुढे म्हणाली. “व्हिडिओ दाखवण्याआधी सांगते. अशा मुलाच्या हातात एक बंद पाकीट द्यायचं आणि शेजारच्या वर्गावर पाठवायचं. आत एवढंच लिहायचं, याला थोडा वेळ ठेवून घ्या. मूल ऐटीत जातं, त्याला काम मिळतं, वर्गाला शांतता मिळते. आमच्या शाळेत सगळ्या बाईंना हे ठाऊक आहे. कालच केलं, आणि म्हणून आज हे व्हिडिओ तुमच्यापुढे आहेत.”

दोनशे शिक्षक हसले. लंबकरावही हसले, आणि हसता हसता थांबले. घड्याळात अकरा अठ्ठावीस झाले होते. त्यांनी वरच्या खिशातलं पाकीट काढलं, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच उघडलं.

आत तिचं वळणदार अक्षर होतं. यांना अर्धा तास ठेवून घ्यावं, व्हिडिओचं टेबल पहिल्या रांगेला लागून आहे. खाली आणखी एक ओळ होती. माणूस फार चांगला आहे.

लंबकरावांनी ती ओळ दोनदा वाचली. मग खाली आपल्या उजव्या पायाकडे पाहिलं, आयुष्यात पहिल्यांदाच. तो चालूच होता. टेबलावर वायरीची पिन हलायला लागली होती. त्यांनी पाकिटाची कड जिभेनं ओली करून पुन्हा चिकटवली आणि चवड्यांवर चालत बाहेर गेले. पाठीमागे दिवे मंद झाले आणि पडद्यावर बाकावरची मुलगी कविता म्हणायला लागली.

कार्यालयातल्या मॅडमनी पाकीट फोडून वाचलं. चेहऱ्यावरची रेष हलली नाही. खणातून त्यांनी एक दुसरं पाकीट काढलं, काहीतरी खरडून आत घातलं आणि चिकटवलं.

“जरा तिसऱ्या मजल्यावर देऊन याल का?” त्या म्हणाल्या. “महत्त्वाचं आहे.”

लंबकरावांना आता सगळं माहीत होतं. तरी पाकीट हातात पडलं, छाती फुगली, आणि लिफ्टची वाट न बघता ते दोन दोन पायऱ्या चढत निघाले.